चटणीच्या खान्यातला वॉशर

“फडकं आत घालायचं न्हाई,” दस्तगीर मिस्त्री म्हणाले. “भाईर काय पुसायचं ते पुसा. आत ब्रश आनि हवा. बास.”

“कळलं.”

“कसलंच फडकं न्हाई.”

“कळलं म्हटलं ना, मिस्त्री.”

त्या काळात मला सगळंच कळत असे. वय तीस, मेकॅनिकलची पदवी, तीही पहिल्या वर्गात, आणि गावच्या पॉलिटेक्निकमध्ये सहा वर्षं मी इंजिनं शिकवत होतो. कार्बोरेटरचा उभा छेद मी मुलांकडे तोंड ठेवून, नुसता हात मागे नेऊन फळ्यावर काढू शकत असे. मुलं टाळ्या वाजवत. खरा कार्बोरेटर मात्र मी त्या शनिवारी पहिल्यांदा हातात घेत होतो. माझ्या स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये दर सहा महिन्यांनी कचरा अडकायचा. मग मी ती ढकलत स्टँडामागच्या गॅरेजमध्ये न्यायचो आणि काम होईपर्यंत बाकावर बसून पेपर वाचायचो. पेपरात दर गुरुवारी माझं विनोदी सदर असे, त्यामुळे मी सहसा गुरुवारीच बंद पडत असे.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. आमच्या जिल्ह्याच्या गावाबाहेर एक धावपट्टी आहे. मंत्र्यांसाठी बांधलेली. मंत्री वर्षातून दोनदा येत, उरलेले दिवस शेळ्या येत. तिथं गावातल्या काही डॉक्टर-वकिलांनी मिळून हौशी फ्लाइंग क्लब काढला होता. विमान एकच, दोन माणसांचं, पांढरं, पोटावर लाल पट्टा. उतरताना ते ज्या आवाजात ओरडे त्यावरून सगळे त्याला ‘टिटवी’ म्हणत. टिटवीची देखभाल दस्तगीर मुजावर यांच्याकडे होती. शिक्षण सातवी. अनुभव आधी मोटारसायकली, मग फवारणीची विमानं, मग ही.

मी तिथं हौसेनं गेलो नव्हतो. क्लबचे सचिव मगदूम वकील यांनी मला गुरुवारी गाठलं होतं.

“खांबेटे, एक दिवस जाऊन बसा हँगरमध्ये. मिस्त्री काम कसं करतो ते बघा. आणि एक पान लिहून द्या. कमिटीपुढं ठेवायला काहीतरी तांत्रिक पाहिजे.”

“काढायचंय का त्यांना?”

“मी असं म्हणालो का? विमान म्हटलं की डिग्रीवाला माणूस असावा, एवढंच लोक म्हणतात.”

“कोण लोक?”

“माझ्या साडूचा मुलगा यंदा इंजिनिअर झालाय,” मगदूम म्हणाले, आणि विषय संपला.

मी कामाला पक्का माणूस. शुक्रवारी संध्याकाळीच अहवाल लिहून टाकला. ‘श्री. दस्तगीर मुजावर यांचा अनुभव दांडगा असला, तरी’ इथपर्यंत शाईनं आणि त्यापुढं पेन्सिलीनं. पेन्सिलीचा भाग तेवढा विमान बघून पक्का करायचा होता.

हँगरमध्ये पोचलो तर मिस्त्रींचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. तीस वर्षं विमानांखाली काढली, खरचटलं नाही. मोपेडवरून घरी जाताना शेळीला चुकवायला गेले आणि मनगट मोडलं.

“तुमी माझ्यावर लिवायला आलाय म्हनं,” ते म्हणाले.

“तसं काही नाही.”

“लिवा की. माझं काय म्हननं न्हाई. पन मला हात पायजेत. लिवनाऱ्याचा एक हात मोकळाच आसतोय. त्यो द्या.”

मी दोन्ही दिले. मला वाटलं, वा, हात माझे आणि डोकंही माझंच. मिस्त्री नुसते शेजारी.

काम असं होतं. टिटवीच्या इंजिनला चार सिलिंडर. डावीकडच्या दोघांना पेट्रोल-हवा पुरवायला डावा कार्बोरेटर, उजवीकडच्या दोघांना उजवा. इंजिन ठरावीक तास चाललं की दोन्ही उतरवायचे, खोलून साफ करायचे, बसवायचे आणि मग दोघांचा श्वास एकमेकांशी जुळवायचा. एक जास्त ओढतोय आणि दुसरा कमी, असं झालं की इंजिन थरथरतं. मिस्त्रींच्या मते हे त्यांच्या दोन जावयांसारखं होतं. थोरल्याला जेवढं द्याल तेवढंच धाकट्याला, नाहीतर घर हलतं.

टेबलावर त्यांनी स्टीलची खान्याखान्यांची दोन ताटं मांडली, वसतिगृहाच्या मेसमध्ये असतात तशी. एकावर लाल रंगात ‘डावा’, दुसऱ्यावर ‘उजवा’. जो भाग निघेल तो ठरलेल्या खान्यात. भाताच्या जागी पेट्रोलची वाटी, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ते छोटं भांडं. भाजीच्या जागी त्या पेट्रोलवर तरंगणारे दोन काळे ठोकळे. वरणाच्या जागी जेट, म्हणजे केसाएवढं भोक असलेली पितळेची छोटी नळी. चटणीच्या खान्यात वॉशर.

“एका ताटातलं दुसऱ्या ताटात जायाचं न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

“दोन्ही सारखेच तर आहेत.”

“जावई बी सारकेच आसत्यात. चपला बदलून बगा.”

मी पहिला जेट काढला, डोळ्यासमोर धरला आणि भोकात बघत म्हणालो, “इथं हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल वर खेचलं जातं.”

“हां?”

“हो. या नियमानंच तुमचं विमानही उडतं.”

“आनि जेट घाण आसला तर?”

“मग मिश्रणाचं प्रमाण बिघडतं.”

“आमी बंद पडतंय म्हनतो,” मिस्त्री म्हणाले. “घ्या, हवा मारा.”

मी हवेचा पाइप धरला, उलटा. सगळी धूळ माझ्या चष्म्यावर आली. मिस्त्रींनी डाव्या हातानं पाइप सरळ केला. मी खिशातून चष्म्याचं फडकं काढलं. नवा चष्मा घेताना दुकानदारानं भेट दिलेलं, गुलाबी, मऊ, कडेला करवतीसारखे दाते कापलेलं. चष्मा पुसून मी ते घडी करून परत ठेवलं. इतक्या नीट की मिस्त्री बघत राहिले.

दोन तास आमचं चाललं. ते छोटा टॉर्च मारायचे आणि बोट दाखवायचे, मी घासायचो. मधेच माझ्या सदरासाठी मी विचारलं, “जुळवणी तुम्ही कानानं करता ना? स्क्रू ड्रायव्हर कानामागं लावून?”

“बुलेटची करत हुतो.”

“मग विमानाची?”

“गेज हाईत की. दोन. त्या पेटीत.”

मला वाईट वाटलं. कानानं इंजिन जुळवणारा सातवी पास जादूगार, असं शीर्षकही तयार होतं. “पण कानानं जमेल ना तुम्हाला?”

“जमंल. बुलेट बंद पडली तर मानूस पाय टेकतो. ह्याच्यातनं कुटं टेकनार?”

तेवढ्यात पहारेकऱ्याच्या केबिनमधून हाक आली, मिस्त्रींना फोन होता. ते गेले. मी डाव्या कार्बोरेटरची वाटी हातात घेऊन बसलो होतो. तळाशी करडा डाग राहिला होता. ब्रश मारला, हवा मारली, डाग तसाच. आता मिस्त्रींचा फडक्याचा नियम मला तोंडपाठ होता. पण नियमामागचं तत्त्वही मला माहीत होतं, हाच तर पदवीचा फायदा. गॅरेजमधली फडकी म्हणजे फाटके बनियन, त्यांचे धागे सुटतात, म्हणून तो नियम. माझं फडकं चष्म्याच्या काचेसाठी बनवलेलं होतं. तो नियम त्याला लागू होत नव्हता. मी ते काढलं आणि वाटी आतून पुसली. अंगठ्यानं दाबून, गोल गोल. घरी मी आयुष्यात भांडं घासलं नव्हतं, पण हे इतकं लख्ख झालं की मला त्यात माझं तोंड दिसायला लागलं. बराच वेळ बघितलं.

मिस्त्री परत आले. त्यांनी टॉर्च मारला.

“वा. आरसाच केला की, सर.”

“थोडं मन लावून केलं,” मी म्हणालो.

दोन्ही वाट्या आम्ही बंद केल्या आणि कार्बोरेटर परत इंजिनवर बसवले. मी नळावर हात धुवायला गेलो. परत येऊन ताटं गोळा करू लागलो, तर डाव्या ताटात, चटणीच्या खान्यात, एक पितळी वॉशर.

मी उजवं ताट बघितलं. रिकामं. पुन्हा डावं बघितलं. वॉशर होताच.

मिस्त्री हँगरच्या दारात उभे राहून पायलट मॅडमना हाक मारत होते. सांगायला वेळ होता. ‘मिस्त्री, एक वॉशर उरलाय’ एवढे चार शब्द. पण मग कार्बोरेटर पुन्हा खोलावा लागणार, आणि पदवीधर, पहिला वर्ग, सहा वर्षं विषय शिकवणाऱ्या माणसाकडून वॉशर उरला हे मॅडमना कळणार. मिस्त्रींचं काम तपासायला आलेल्या माणसाचं काम मिस्त्री तपासणार. मी विचार केला: बनवणारे नेहमी एखादा भाग जास्तच देतात. शर्टाच्या आत नाही का, जादा बटण शिवलेलं असतं. मी वॉशर उचलला आणि पँटच्या खिशात टाकला.

मॅडम म्हणजे उज्ज्वला सरनोबत. क्लबच्या प्रशिक्षक. पस्तिशीच्या, उंच, बोलणं मोजकं. विमान खुंटीला बांधलं, चाकांना अडणी लावली. मॅडम आत बसून इंजिन चालू करायच्या, मिस्त्री दोन्ही कार्बोरेटरांची ओढ दाखवणारे गेज बघायचे. मग इंजिन बंद, पंखा थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही, आणि थांबला की मी जाऊन कार्बोरेटरच्या केबलची चकती मिस्त्री सांगतील तेवढी फिरवायची. अर्धा आटा. पुन्हा चालू. पाव आटा मागं. पुन्हा चालू. चौथ्या खेपेला दोन्ही गेजचे काटे एका जागी येऊन उभे राहिले आणि इंजिनचा आवाज असा एकजीव झाला की मला स्वतःचा हेवा वाटला. खिशातल्या वॉशरला मी मनात म्हणालो, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही.

“झकास,” मॅडम म्हणाल्या. “बसा, सर.”

“कुठं?”

“शेजारी.”

मी मिस्त्रींकडे बघितलं.

“रिवाज हाय हितला,” मिस्त्री म्हणाले. “कार्बोरेटर ज्याच्या हातनं लागला त्यो पैल्या चकरेला शेजारी बसतो. दर येळी मी बसतो. आज हात तुमचे.”

“हे आधी नाही सांगितलं तुम्ही.”

“आदी सांगितलं तर लोक लई हळू काम करत्यात.”

“माझं वजन जास्त आहे.”

“चाचांपेक्षा कमी आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या मिस्त्रींना चाचा म्हणत.

पट्टे आवळले गेले. कानांवर हेडफोन चढले. टिटवी डुलत धावपट्टीच्या टोकाकडे निघाली, शेळ्या शहाण्यासारख्या बाजूला झाल्या. पट्टा नेमका मांडीवरून गेला होता आणि त्याखाली खिशात वॉशर होता. चवलीएवढी वस्तू. ती मला आता बशीएवढी लागत होती. मी आठवायला लागलो: फळ्यावरच्या छेदात वॉशर कुठं दाखवतात? मी सहा वर्षांत एकदाही वॉशर काढला नव्हता. आकृती स्वच्छ दिसावी म्हणून. परीक्षेतही कुणा मुलानं वॉशर दाखवला नाही आणि मी गुण कापले नाहीत. किती मुलं मी अशी वॉशरविना पास केली होती.

टोकाला पोचून मॅडमनी तोंड वाऱ्याकडे केलं.

“तयार?”

“मॅडम, एक मिनिट.”

त्यांनी बघितलं.

मी खूप मुश्किलीनं, पट्ट्याखालून, वॉशर काढला आणि तळहातावर धरला. “हा उरला होता.”

त्यांनी वॉशर बघितला. इंजिन बंद केलं. पंखा थांबला आणि इतकी शांतता झाली की शेळीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. लांबून मिस्त्री प्लॅस्टर सांभाळत चालत आमच्याकडे येताना दिसले. घाई अजिबात नव्हती. जवळ येऊन त्यांनी माझ्या तळहातावर बघितलं, मग स्वतःच्या घड्याळात.

“पन्नास मिन्टं,” ते म्हणाले.

“काय पन्नास मिनिटं?”

“त्यो माझा हाय. तुमी हात धुवायला गेलता तवा टाकला चटनीत. नवा मानूस आला की मी एक टाकतो. काय करतोय बगायला.”

मी मॅडमकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या.

“मागं एक साएब आलते,” मिस्त्री म्हणाले, “त्यांनी वर जाऊन, उतरून, च्या पिऊन मग सांगितलं. तुमी जमिनीवर सांगितलं. बरं हाय.”

“मी खरं तर भीतीनं सांगितलं, मिस्त्री.”

“कार्बोरेटरला काय फरक पडतोय?”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि धोंड्याच्या जागी लगेच जुना रुबाब येऊन बसला. म्हणजे मी काहीच चुकलो नव्हतो! “चला मग, मॅडम,” मी म्हणालो. “सगळं बरोबर आहे.”

“न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “खोलायचं.”

“अहो, पण वॉशर तुमचा होता.”

“वॉशर माझा. शंका तुमची. बसल्या मानसाला शंका आली की दोनी वाट्या खोलायच्या. त्यो बी रिवाजच.”

विमान ढकलत परत आणलं. मॅडम सावलीत जाऊन पाणी पिऊ लागल्या. मी उजवी वाटी खोलली. स्वच्छ. मग डावी खोलली आणि मिस्त्रींनी टॉर्च मारला. माझा आरसा. त्यावर बोटभर पेट्रोल. आणि त्या पेट्रोलच्या तळाशी, सुबक वेलांटी घालून, एक गुलाबी दशी.

केसाएवढी जाड, नखाएवढी लांब.

“ही हितं गप पडून ऱ्हायली आसती,” मिस्त्री हळू म्हणाले. “जमिनीवर कायसुदीक कळलं नसतं. वर जाताना नाक उचललं आसतं, पेट्रोल मागं सरकलं आसतं, आनि ही जेटच्या तोंडात.”

“मग?”

“मग तुमच्या बाजूची दोन सिलिंडर उपाशी. झाडांच्या वर, फार वर न्हाई.”

ते माझ्या खिशाकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

“काय सापडलं?” मॅडमनी सावलीतून विचारलं.

आता बोलायचं होतं मी. तोंड उघडलंही असावं.

“दशी हाय, मॅडम,” मिस्त्री म्हणाले. “माझ्याकडनं ऱ्हायली.”

मी तोंड मिटलं. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मिस्त्रींचा मान राखायला मी गप्प बसलो. माझी कारणं नेहमी अशी तयार असतात.

“का म्हणालात तसं?” मी कुजबुजलो.

“मी टॉर्च मारलाता की. चकाकी बगितली, दशी न्हाई बगितली. सई माझी आसती तितं, सर.”

चिमट्यानं दशी काढली. मी वाट्या पुन्हा साफ केल्या, ब्रश आणि हवा. मिस्त्रींनी या वेळी टॉर्च इतका वेळ मारला की त्याचा सेल उतरला. बंद करून गेज लावले, काटे जुळले, आणि मी पुन्हा मॅडमच्या शेजारी बसलो. उडालो तेव्हा डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा खाली ऊस होता आणि कालवा आणि इंजिन एका सुरात चाललेलं.

आठशे फुटांवर मी हेडफोनमधून म्हणालो, “मॅडम, ती दशी माझी होती.”

“हं.”

“चष्म्याच्या फडक्याची.”

“चाचांकडं गुलाबी फडकं असेल असं मला वाटलंच नव्हतं.”

“मग तुम्ही त्यांना बोलला का नाहीत?”

“ते तुमच्यासाठी खोटं बोलले. मी मध्ये कशाला पडू?” त्यांनी विमान हलकेच वळवलं. “ते बघा तुमचं पॉलिटेक्निक.”

पॉलिटेक्निक फारच लहान दिसत होतं.

“मी तुम्हाला सांगितलं, बरं वाटलं,” मी म्हणालो.

“वर सगळेच खरं बोलतात, सर. उतरल्यावर बघू.”

उतरलो तर हँगरपुढं मगदूम वकिलांची गाडी. ते आत टेबलाशी उभे राहून देखभालीचं रजिस्टर वाचत होते. मिस्त्री बाजूला, प्लॅस्टर पोटाशी धरून. रजिस्टरात डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात ताजी नोंद होती: ‘डाव्या वाटीत दशी सापडली. काढली. परत साफ केलं. चूक माझी. द. मुजावर.’

“खांबेटे, हे बघा,” मगदूम म्हणाले. “पेट्रोलच्या वाटीत दशी. आणि माणूस स्वतःच्या हातानं लिहून देतोय. तुमच्या पानाची आता गरजच नाही. हेच ठेवतो कमिटीपुढं.”

मिस्त्री जमिनीकडे बघत होते. मॅडम हेडफोनची वायर गुंडाळत होत्या, फार सावकाश. मला आठवतं, मी आधी अंदाज घेतला की मी काहीच बोललो नाही तर काय होईल. काही झालं नसतं. माझं काहीच झालं नसतं. साडूचा मुलगा आला असता, मिस्त्री मोटारसायकलींकडे परत गेले असते आणि मी गुरुवारी वेगळ्या गॅरेजमध्ये जायला लागलो असतो.

“ती दशी माझी आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“माझ्या चष्म्याच्या फडक्याची. मिस्त्रींनी दोनदा सांगितलं होतं, आत फडकं घालायचं नाही. ते फोनवर गेले तेव्हा मी घातलं.”

मगदूम मनापासून हसले. “तुमचं सदर वाचतो मी, खांबेटे. सगळं आपलं स्वतःवर घ्यायचं. मागच्या आठवड्यात तुम्ही चहात मीठ घातलंत, त्याच्या आदल्या आठवड्यात भलत्याच लग्नात जेवून आलात. चांगलं असतं. पण हे सिरीयस आहे.”

दहा वर्षं मी लोकांपुढे स्वतःला मूर्ख ठरवत आलो होतो, आणि ज्या दिवशी पुरावा देण्याची वेळ आली त्या दिवशी एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. दर गुरुवारच्या त्या मूर्खपणात एक गोष्ट मी नेहमी सांभाळली होती, तो कुणाच्या अंगलट येणारा नसे.

मी खिशातून फडकं काढलं आणि टेबलावर पसरलं. पेट्रोलचा वास. मध्ये करडा गोल डाग, वाटीच्या तळाएवढा. आणि करवतीसारख्या कडेला एका जागी दात विसकटून दशा लोंबत होत्या. मिस्त्रींनी ‘डावा’ लिहिलेलं ताट पुढं सरकवलं. त्यात चिमट्यानं काढलेली दशी वाळून पडली होती, तीच गुलाबी.

मगदूमांनी फडकं बघितलं, दशी बघितली, मग मला बघितलं.

“म्हणजे हे सदरातलं नाही?”

“नाही.”

“मग सदरात घालूही नका,” ते म्हणाले. “क्लबचं नाव जातं.” जाताना गाडीच्या काचेतून म्हणाले, “पान मात्र द्या. सोमवारी.”

सोमवारी मी दिलं. त्यात तीन वाक्यं होती. श्री. दस्तगीर मुजावर यांचा अनुभव दांडगा आहे. त्यांची कामाची पद्धत लिहून काढावी आणि क्लबमध्ये येणाऱ्या प्रत्येक पदवीधराला ती आधी शिकवावी. खांबेटे यांना हँगरमध्ये प्रवेश देताना त्यांचे खिसे तपासावेत. कमिटीनं तिसऱ्या वाक्यावर चर्चा केली आणि पहिली दोन मंजूर झाली. साडूचा मुलगा पुण्याला लागला. मिस्त्री आणखी नऊ वर्षं टिटवीपाशी होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मगदूमांची गाडी गेल्यावर मिस्त्रींनी रजिस्टर पुढं ओढलं. मला वाटलं, ‘चूक माझी’ खोडतील. त्यांनी खोडलं नाही. खाली एक ओळ जोडली, अक्षर अक्षर करत: ‘हात खांबेटे सरांचे.’ आणि पुन्हा सही केली. मग पेन ठेवून डावा हात माझ्यापुढं पसरला.

मला गहिवरून आलं. मी तो हात दोन्ही हातांत घेतला.

“तसं न्हवं,” मिस्त्री म्हणाले. “वॉशर द्या. पुढच्याला लागंल.”